महेशचंद्रांचा हरलेला डाव

खुल्या रेटिंग स्पर्धेत फेरी संपली की हॉलबाहेरच्या जिन्यात घोळके जमतात. हातात चुरगळलेली स्कोअरशीट, तोंडात वडापाव आणि चर्चेचा सूर बहुधा एकच: "ओपनिंगमध्येच वाट लागली." बोलणारा आठवीतला मुलगा असो की बँकेतून निवृत्त झालेले काका, हरलेल्या डावाचे खापर पहिल्या दहा चालींवर फुटते. घरी गेल्यावर ओपनिंग बदलले जाते, नवा व्हिडिओ कोर्स विकत घेतला जातो आणि पुढच्या स्पर्धेत नव्या ओपनिंगमधून जुन्याच पद्धतीने हार होते. या समजुतीला उत्तर म्हणून मला एक डाव दाखवावासा वाटतो. तो १८५५ साली कलकत्त्यात खेळला गेला. काळी मोहरी घेऊन खेळणारा त्यात हरला आणि वाईट हरला. पण त्याने मांडलेले ओपनिंग आज जगज्जेतेपदाच्या लढतींत खेळले जाते.

पांढरी मोहरी होती जॉन कॉक्रेन यांच्याकडे. जन्म १७९८चा, मूळचे स्कॉटलंडचे, पेशाने बॅरिस्टर. बुद्धिबळ हा त्यांचा धंदा नव्हता, पण नाद असा की १८२२ साली, म्हणजे चोविशीतच, त्यांनी बुद्धिबळावर एक ग्रंथ लिहिला. पुढे वकिलीसाठी कलकत्त्याला आले आणि आयुष्याची कित्येक वर्षे तिथेच राहिले. मधे १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला काही काळ लंडनला होते, तेव्हा हॉवर्ड स्टॉन्टनबरोबर त्यांनी शेकडो डाव खेळले. आपण स्पर्धेत ज्या घाटाच्या सोंगट्या वापरतो, त्यांना ज्यांचे नाव आहे तेच हे स्टॉन्टन. बहुतेक डाव स्टॉन्टननेच जिंकले, पण त्या काळी त्याच्याशी इतके डाव खेळायला मिळणे हेच मोठे शिक्षण होते.

काळी मोहरी होती महेशचंद्र बंद्योपाध्याय यांच्याकडे. इंग्रजी नोंदींत त्यांचे नाव मोहेशचंदर बॅनर्जी असे वेडेवाकडे येते आणि कधी कधी तर नाव न देता नुसतेच 'ब्राह्मण' म्हटलेले असते. ते कलकत्त्याबाहेर, मोफसिलात राहणारे. आपल्या भागात अजिंक्य समजले जाणारे. कलकत्त्यातल्या बुद्धिबळ क्लबातल्या कुणाच्या तरी कानावर ही कीर्ती गेली आणि १८४८च्या सुमारास साहेब आणि महेशचंद्र समोरासमोर बसू लागले. पुढची दहा-बारा वर्षे दोघे खेळत राहिले. कॉक्रेनसाहेबांनी डाव लिहून ठेवले आणि त्यांतले कित्येक लंडनच्या 'चेस प्लेअर्स क्रॉनिकल' या मासिकात छापून आले, म्हणून ते आज आपल्याला मिळतात. एकूण हिशेबात पारडे साहेबांकडेच झुकलेले आहे. चषक नाही, रेटिंग नाही, पंच नाही. बुद्धिबळाची घड्याळेही अजून आलेली नव्हती, ती १८८३च्या लंडन स्पर्धेपासूनची. शब्दशः हौशी खेळ.

डाव पाहण्याआधी महेशचंद्र कुठल्या नियमांवर वाढले ते समजून घ्यावे लागते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. ज्यांच्या घरात आजोबा जुन्या पद्धतीने खेळायचे त्यांना हे नियम ऐकून माहीत असतील. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही सहसा एकच घर सरकते. कॅसलिंग नाही, त्याऐवजी राजाला, त्याला शह बसलेला नसेल तर, डावात एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी मिळते. शेवटच्या रांगेत पोचलेले प्यादे सरसकट वजीर होत नाही. ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल ते मोहरे होते. प्रांतोप्रांती यात फरक होते, पण प्याद्याचे एक पाऊल हा त्या खेळाचा कणा होता. दोन्ही पद्धतींमधला हा भेद तेव्हाच्या लोकांनाही चांगला ठाऊक होता. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचे बुद्धिबळावरचे संस्कृत पुस्तक इंग्रजीत छापले गेले, तेव्हा ते युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेले आहे असे त्याच्या शीर्षकातच सांगितले होते.

प्यादे एकेक घरच सरकणार असेल तर पटावर काय होते? युरोपीय खेळात पहिल्याच चालीला दोन्ही बाजूंची प्यादी मध्यभागी एकमेकांना भिडतात आणि तिसऱ्या-चौथ्या चालीला मारामारी सुरू होते. देशी खेळात मधे बराच वेळ मोकळे रान असते. दोघेही आपापल्या बाजूला शांतपणे मांडणी करतात. त्या मांडणीत उंटाला वाट हवी म्हणून घोड्यासमोरचे प्यादे एक घर सरकवायचे, तिथे उंट बसवायचा, घोडा त्याच्या पुढ्यात ठेवायचा, हे सगळे सहज जमते. यालाच आपल्या स्पर्धांत 'फियांकेटो' म्हणतात. युरोपातल्या तेव्हाच्या शास्त्रात मात्र ही सवय गावंढळ समजली जाई. मधली चार घरे प्याद्यांनी काबीज करा, हा तिथला पहिला धडा.

आता पट मांडा. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून ए ते एच असे आठ स्तंभ, आणि पांढऱ्याकडून काळ्याकडे १ ते ८ अशा रांगा.

कॉक्रेनसाहेबांनी वजिरासमोरचे प्यादे दोन घरे, डी४ वर, टाकले. त्या काळचे ठरलेले उत्तर डी५, प्याद्याला प्यादे. महेशचंद्रांनी घोडा एफ६ वर काढला. दुसरी चाल पांढऱ्याचे सी४, काळ्याचे जी६. हीच ती देशी मांडणी. तिसऱ्या चालीला पांढरा घोडा सी३ वर आला आणि इथे महेशचंद्रांनी डी५ खेळले. त्या एका चालीने हा डाव इतिहासात गेला.

ही चाल नीट बघा. डी५ वर प्यादे एका उडीत पोचले आहे. म्हणजे जी६ ही सवय गावाकडची आणि डी५ ही उडी साहेबांच्या नियमांतली. नुसत्या देशी खेळात ही रचना अशी उभी राहिलीच नसती, कारण मांडणी पुरी होईपर्यंत प्यादे तिथे पोचत नाही. नुसत्या युरोपीय शिक्षणात वाढलेल्या माणसाला जी६ सुचलेच नसते. दोन नियमपुस्तके एकाच डोक्यात नांदू लागली तेव्हा हे ओपनिंग जन्मले, असे मला वाटते. महेशचंद्रांनी स्वतः काही लिहून ठेवलेले नाही, तेव्हा त्यांच्या मनातले आपण चालींवरूनच वाचायचे.

पुढे: पांढऱ्याचे ई३, काळा उंट जी७ वर. पांढऱ्याचा दुसरा घोडा एफ३ वर, काळ्याचे कॅसलिंग. सहाव्या चालीला पांढऱ्याने सी-प्याद्याने डी५ मारले, काळ्याने घोड्याने परत मारले. सातवी, पांढरा उंट ई२ वर. काळ्या घोड्याने सी३वरचा घोडा मारला. आठवी, पांढऱ्याने बी-प्याद्याने तो घोडा मारला, आणि महेशचंद्रांनी सी५ खेळले. पुन्हा दोन घरांची उडी.

या चार-पाच चालींतला विचार असा: मधली घरे पांढऱ्याला घेऊ द्या. त्याची प्यादी सी३-डी४ अशी ओळीने उभी राहिली की दुरून त्यांच्यावर मारा करा. जी७वरचा उंट थेट डी४ कडे रोखलेला आहे, सी५चे प्यादे त्याच घरावर बाजूने चालून आले आहे, थोड्याच वेळात घोडाही सी६ वरून तिथेच नजर लावेल. गड बांधायची मेहनत पांढऱ्याची, तो राखायची कटकटही त्याचीच. आजचे खेळाडू पांढऱ्याकडून ई३ ऐवजी बहुधा थेट ई४ खेळतात, मोठे मैदान घेतात आणि काळ्याला म्हणतात, पाड बघू. कॉक्रेनसाहेब सबुरीने खेळले.

नववीला पांढऱ्याचे कॅसलिंग आणि काळ्याकडून सी-प्याद्याने डी४वर मारामारी; दहावीला पांढऱ्याने परत मारले, काळा घोडा सी६ वर. अकरावी, पांढरा उंट बी२, काळा उंट जी४. बारावी, पांढरा हत्ती सी१, काळा हत्ती सी८. इथे थांबून मोजा. दोन्हीकडे सहा-सहा प्यादी, दोन उंट, एक घोडा, दोन हत्ती, वजीर. काळ्याची सगळी मोहरी बाहेर आलेली, राजा सुरक्षित, सी स्तंभावर हत्ती आणि जी७चा उंट आपल्या कर्णावर जिवंत. आजच्या कुठल्याही प्रशिक्षकाला ही स्थिती दाखवा. काळ्याची तक्रार असायचे कारण नाही. ओपनिंग संपले आहे आणि ते उत्तम झाले आहे.

डाव बिघडला तो इथून पुढे. तेराव्या चालीला पांढऱ्याने बी२वरचा उंट ए३ वर आणला; नजर ई७च्या प्याद्यावर. महेशचंद्रांनी वजीर ए५ वर नेऊन त्या उंटावर हल्ला केला. दिसायला झकास चाल. पांढऱ्याचे उत्तर, वजीर बी३. उंटाला आधार मिळाला, पण खरा अर्थ वेगळा: बी३ वरून वजिराची नजर सरळ तिरप्या रेषेत एफ७ पर्यंत पोचते. एफ७, काळ्या राजाच्या उशाचे घर.

चौदाव्या चालीला महेशचंद्रांनी एफ८वरचा हत्ती ई८ वर सरकवला. का, ते समजते. वजीर डी८ सोडून गेल्यामुळे ई७ला आता घोड्याचाच काय तो आधार होता, म्हणून हत्ती त्याच्या पाठीशी उभा केला. पण हाच हत्ती एफ७ राखत होता. तो हलल्यावर एफ७ला रखवालदार उरला तो फक्त राजा. हौशी खेळाडूंच्या स्कोअरशीटवर अशी चाल मी कितीदा तरी पाहिली आहे: एका धमकीला दिलेले चोख उत्तर, ज्याने दुसरीकडचे दार उघडे पडते.

कॉक्रेनसाहेबांनी दार उघडे पाहिले. हत्ती सी५ वर नेऊन काळ्या वजिराला हाकलले; वजीर बी६ वर. हत्ती बी५ वर, पुन्हा वजिराच्या अंगावर. वजीर मुकाट डी८ वर, स्वतःच्या घरी. तेराव्या चालीला निघालेला वजीर सोळाव्या चालीला परत आला. तेवढ्यात पांढऱ्याने आपला वजीर आणि हत्ती दोन्ही कामाला लावले.

सतरावी चाल घोडा जी५. एकाच चालीत दोन धमक्या: एफ७ वर वजीर आणि घोडा दोघांचा मारा, आणि जी४वरच्या काळ्या उंटावर ई२च्या उंटाचा. घोडा बाजूला झाल्यामुळे काळ्या उंटालाही ई२ पर्यंत वाट मोकळी झाली आहे आणि तिथला पांढरा उंट निराधार आहे. महेशचंद्रांनी तो मारला. मोह कोणाला आवरला असता? ई२ वरून काळा उंट आता पांढऱ्याच्या दोन्ही हत्तींवर एकदम रोखलेला आहे, एफ१ आणि बी५. पांढऱ्याने ढुंकूनही पाहिले नाही. अठरावी, घोड्याने एफ७वरचे प्यादे मारले. घोड्याचा डोळा डी८च्या वजिरावर. महेशचंद्रांनी घोडा ए५ वर टाकून पांढऱ्या वजिरावर हल्ला केला.

ही स्थिती एकदा डोळे भरून पाहण्याजोगी आहे. पांढऱ्याचा वजीर माराखाली, दोन्ही हत्ती माराखाली, एक उंट गेलेला, आणि डाव पांढऱ्याने जिंकलेला. घोडा एफ७ वरून एच६ वर उडी मारतो. घोड्याचाही शह आणि घोडा बाजूला झाल्याने वजिराचाही शह. दुहेरी शहाला राजा हलवणे हा एकच इलाज. जी७चा काळा उंट एच६च्या घोड्याला मारू शकतो, पण मारून उपयोग नाही, कारण दुसरा शह तसाच राहतो. राजा एफ८ वर गेला तर वजीर एफ७ वर मात. म्हणून राजा एच८ वर. मग वजीर थेट जी८ वर, राजाच्या मांडीला मांडी लावून. घोड्याचा पाठिंबा आहे, तेव्हा राजाला वजीर मारता येत नाही. ई८च्या हत्तीला मारावाच लागतो. आणि घोडा परत एफ७ वर: मात. राजाच्या बाजूला स्वतःचा हत्ती, समोर स्वतःचे प्यादे, तिरपा स्वतःचा उंट. हलायला घर नाही. याला 'स्मदर्ड मेट' म्हणतात आणि स्पॅनिश लेखक लुसेना याच्या १४९७च्या पुस्तकात ती आहे. कॉक्रेनसाहेबांना ती पाठ असणार. महेशचंद्रांना कदाचित पटावरच पहिल्यांदा भेटली असेल.

पुढची कथा व्हिएन्नाची. १९२२ साली एर्न्स्ट ग्रुनफेल्ड या ऑस्ट्रियन खेळाडूने हीच कल्पना आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आणली: घोडा एफ६, जी६ आणि मग डी५. त्याच वर्षी व्हिएन्नात त्याने या ओपनिंगने अलेखिनला हरवले. चिडलेल्या अलेखिनने आपला राजा खोलीभर भिरकावला असे सांगतात. नाव पडले 'ग्रुनफेल्ड डिफेन्स'. मधे सदुसष्ट वर्षे गेली होती.

ग्रुनफेल्डने कलकत्त्याचे डाव पाहिले होते असे मानायची गरज नाही. तो काळच निम्झोविच आणि रेती यांचा होता. मधली घरे प्याद्यांनी बळकावण्यापेक्षा दुरून ताब्यात ठेवा, असे म्हणणारी पिढी तेव्हा युरोपात उभी राहिली आणि कालपर्यंतची गावंढळ सवय 'हायपरमॉडर्न' ठरली. महेशचंद्रांची आठवण मात्र पूर्ण पुसली गेली नाही. घोडा एफ६ ने सुरू होणाऱ्या या बचावांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 'इंडियन डिफेन्स' म्हणू लागले ते त्यांच्याच डावांवरून. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन हा सगळा कुळाचा विस्तार. किंग्ज इंडियनची, पांढऱ्याने चार प्यादी पुढे रेटलेली एक मांडणी या दोघांच्याच एका डावात आहे, आणि तो डाव महेशचंद्रांनी जिंकलेला आहे. कॉक्रेनसाहेबांचेही नाव एका ओपनिंगला आहे. पेट्रोव्ह डिफेन्समध्ये चौथ्याच चालीला एफ७ वर घोडा देऊन टाकायचा, दोन प्यादी घ्यायची आणि उघड्यावर आलेल्या राजामागे लागायचे, हे 'कॉक्रेन गँबिट' त्यांनी १८४८ साली खेळले ते महेशचंद्रांविरुद्धच. १९९९ साली लिनारेसला टोपालोव्हने ते क्रॅमनिकविरुद्ध खेळून बरोबरी साधली. एकाच पटावरून दोन ओपनिंगे निघाली. साहेबांना स्वतःचे नाव मिळाले, महेशचंद्रांच्या वाट्याला देशाचे आले.

देशी नियमांवर वाढून युरोपीय पटावर गेलेला सर्वांत मोठा खेळाडू अर्थातच पंजाबचा मीर सुलतान खान. १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता. ओपनिंगचे पुस्तकी ज्ञान तुटपुंजे, म्हणून अनेकदा अडचणीच्या स्थितीतून सुरुवात, आणि पुढे मधल्या डावात व अंतिम डावात भल्याभल्यांना पाणी पाजणे. १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कॅपाब्लांकाला हरवले, तो डाव क्वीन्स इंडियन. फक्त सुलतान खान पांढऱ्या बाजूला होता आणि 'इंडियन' बचाव क्यूबाचा माणूस करत होता.

आपल्याकडच्या हौशी स्पर्धांत हे ओपनिंग आज सर्रास दिसते. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले तेव्हा ओपनिंगची पुस्तके दुर्मीळ होती. एखादे हाती आले की वह्यांत उतरून घेतले जाई. आता '१८०० खालील' गटातल्या मुलालाही ग्रुनफेल्डच्या पंधरा-सोळा चाली पाठ असतात. पाठांतराला माझी हरकत नाही, त्यामागच्या भाबड्या आशेला आहे. सोळाव्या चालीनंतर समोरचा काहीतरी अनोळखी खेळतो आणि मग ई७ वाचवताना एफ७ उघडे पडते. ते ओपनिंगने शिकवायचे नसतेच. माझ्या पाहण्यात जे हौशी खेळाडू खरोखर सुधारले, ते हरलेला डाव घेऊन बसतात आणि आपले कुठले मोहरे कुठले घर राखत होते व ते नेमके कधी हलले, एवढेच शोधतात. महेशचंद्रांच्या डावात ते उत्तर चौदाव्या चालीला मिळते.

ग्रुनफेल्डची बाजू घेणारे नेहमी फिशरचे उदाहरण देतात. १९५६ साली न्यूयॉर्कला तेरा वर्षांच्या फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध वजीर देऊन जो 'शतकातला डाव' जिंकला, तो चालींच्या अदलाबदलीने ग्रुनफेल्डच होता. मला त्याहून २०१०ची सोफियातली लढत जास्त बोलकी वाटते. आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमाने बंद पडली होती, म्हणून विश्वनाथन आनंद फ्रँकफर्टहून रस्त्याने बल्गेरियाला पोचला. टोपालोव्हविरुद्धच्या पहिल्याच डावात त्याने काळ्या मोहऱ्यांनी ग्रुनफेल्ड खेळले. तयारीतला चालींचा क्रम डोक्यात गोंधळला, तेविसाव्या चालीला राजा एफ७ वर गेला, पुढच्याच चालीला टोपालोव्हने एफ६ वर घोडा दिला आणि तिसाव्या चालीला डाव संपला. जगज्जेता, पहिला डाव, पन्नास चालीही नाहीत. जिन्यातल्या घोळक्याने ओपनिंग तिथेच टाकून दिले असते. आनंदने दहाव्या डावात काळी मोहरी आल्यावर पुन्हा ग्रुनफेल्डच काढले आणि टोपालोव्हला साठ चाली झुंजवून बरोबरी घेतली. बारावा डाव जिंकून जगज्जेतेपद त्याच्याकडेच राहिले.